जुन्या थिंकपॅडला नव्याचे सुटे भाग

प्रश्न : मी घरी बसून मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. माझ्याकडे लेनोवो कंपनीचा २०११ सालचा थिंकपॅड एक्स २२० हा लॅपटॉप आहे. त्याचा सात ओळींचा कीबोर्ड माझ्या बोटांना इतका सवयीचा झाला आहे की दुसऱ्या यंत्रावर हात चालत नाही. पण यंत्र आता फार मंदावले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मला २०१२ सालचा एक्स २३० स्वस्तात मिळाला. त्याची बॉडी फुटली आहे, बिजागरी मोडली आहे, पण तो चालतो. त्यातले कोणते भाग माझ्या लॅपटॉपला बसतील? दुकानदार म्हणतात, मदरबोर्डच (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) काढून बसवा. तसे करावे का? — एक वाचिका, मिरज

उत्तर : मदरबोर्ड बसवण्याच्या फंदात आपण पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही मॉडेलांत प्रोसेसर बोर्डावर डाखाने कायमचा जोडलेला असतो, म्हणून नुसता प्रोसेसर काढून बसवता येत नाही आणि अख्खा बोर्डच बदलावा लागतो. एक्स २२० ला मोठा डिस्प्लेपोर्ट (बाहेरची स्क्रीन जोडण्याची खाच) आहे, तर एक्स २३० ला त्या जागी मिनी डिस्प्लेपोर्ट आहे, त्यामुळे बोर्ड बसवायचा तर बॉडीची कड कापावी लागेल. एवढे करून हाती फारसे काही लागत नाही. एक्स २२० मधला आय५-२५२०एम प्रोसेसर २.५ गिगाहर्ट्झचा आणि एक्स २३० मधला आय५-३३२०एम २.६ गिगाहर्ट्झचा, पाने जुळवताना हा फरक आपल्याला जाणवणार नाही. ग्राफिक्स थोडे सुधारतील आणि यूएसबी ३.० चे दोन पोर्ट मिळतील, पण त्यासाठी चांगल्या स्थितीतली बॉडी कापणे मला पटत नाही.

आपले यंत्र बहुधा डिस्कमुळे मंदावले आहे. त्यात अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर जो फरक पडेल तो मदरबोर्ड बदलूनही पडला नसता. उजव्या बाजूच्या झाकणाचा एकच स्क्रू काढला की डिस्क ओढून बाहेर घेता येते. मात्र नवी डिस्क ७ मिलिमीटर जाडीचीच घ्यावी, कारण ९.५ मिलिमीटरची त्या खाचेत जात नाही. एक्स २३० मध्ये एमसॅटा प्रकारची छोटी एसएसडी असेल तर तीही आपल्याकडे चालेल; तिचा वेग तिथे सेकंदाला ३ गिगाबिटपर्यंत मर्यादित राहतो आणि मुख्य खाचेत तो ६ गिगाबिट असतो, म्हणून प्रणाली मुख्य डिस्कवर ठेवावी आणि छोट्या डिस्कवर कामाच्या फायली.

मेमरीच्या पट्ट्या बिनदिक्कत काढून घ्याव्यात. एक्स २३० च्या १६०० मेगाहर्ट्झच्या डीडीआर३ पट्ट्या आपल्याकडे १३३३ वर चालतील, आणि कमी व्होल्टेजच्या १.३५ व्होल्टच्या असल्या तरी अडचण येणार नाही. कंपनीच्या कागदपत्रांत कमाल ८ जीबी लिहिलेले असले तरी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावून १६ जीबी व्यवस्थित चालते.

आता स्क्रीनविषयी, कारण आपल्या कामात खरी सोय तिथे आहे. या दोन्ही मॉडेलांना १२.५ इंची, १३६६ बाय ७६८ बिंदूंची स्क्रीन असते आणि तिची जोडणीही एकाच पद्धतीची असते, मात्र ती दोन प्रकारांत येई : साधी टीएन आणि अधिक चांगली आयपीएस. टीएन स्क्रीनवर मान जराशी वरखाली झाली की वरच्या आणि खालच्या ओळींचा रंग बदलतो, आणि अशा वेळी रफार, अनुस्वार, चंद्रबिंदू यांसारखी बारीक चिन्हे नजरेतून निसटतात. मुद्रितशोधकाला हे परवडणारे नाही. एक्स २३० चालू करून त्याच्याकडे वरून आणि बाजूने तिरके पाहावे. रंग उलटे झाले नाहीत तर ती आयपीएस आहे असे समजावे आणि स्क्रीन काढून घ्यावी. त्याआधी एक चाचणी मात्र अवश्य करावी. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र दहा मिनिटे स्थिर ठेवून मग सगळीकडे एकसारखा करडा रंग लावावा. चौकटींची पुसट छाया मागे राहिली तर पॅनेल थकले आहे, कारण या जुन्या आयपीएस पॅनेलांत हा दोष पुष्कळदा आढळतो. स्क्रीन उघडताना बॅटरी आणि चार्जर दोन्ही आधी काढून ठेवावेत. लेनोवोची देखभाल पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. तिच्यातली स्क्रूंची चित्रे समोर ठेवून काम करावे. चार्जरची पिन दोन्ही मॉडेलांची एकच आहे, त्यामुळे एक जादा चार्जर आपल्याला आपोआप मिळाला.

यूएसबी ३.० आपल्याला हवेच असेल, तर उलटा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे : चांगल्या बॉडीचा दुसरा एक्स २३० मिळवून त्यालाच आपला सात ओळींचा कीबोर्ड बसवावा. कनेक्टर जुळतो, पण कीबोर्डच्या पुढच्या कडेच्या छोट्या पट्ट्या कानशीने घासाव्या लागतात आणि बॅकलाइटसाठी असलेल्या पिनांवर चिकटपट्टी लावून त्या झाकाव्या लागतात. तरीही डिलीट, होम, एंड यांसारख्या काही कळा चुकीचे काम करतात. त्या नीट करण्यासाठी कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपचे फर्मवेअर (चिपमध्येच साठवलेली आज्ञावली) बदलावे लागते. बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या) नव्या आवृत्त्या हा बदल अडवतात, तेव्हा आवृत्ती आधी तपासावी. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगणे आवश्यक आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी ही दोन्ही यंत्रे अधिकृतपणे पात्र नाहीत. आपले काम युनिकोडमध्ये असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवावी. मराठी टंकलेखनाची इन्स्क्रिप्ट ही कळरचना त्यात उपलब्ध आहे. युनिकोडपूर्व फाँटच्या जुन्या सॉफ्टवेअरवर पाने लावत असाल तर विंडोज ठेवावे लागेल. मग ते यंत्र इंटरनेटला जोडू नये आणि फायली पेनड्राइव्हने न्याव्यात.

प्रश्न : माझ्या एक्स २२० ला मी नवे, वेगवान वाय-फाय कार्ड बसवले, तर सुरू होतानाच १८०२ असा त्रुटी क्रमांक येऊन यंत्र थांबते. कार्ड खराब आहे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : कार्ड खराब असण्याची शक्यता कमी आहे. या मॉडेलच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचे कार्ड दिसले की तो यंत्र पुढे सुरूच होऊ देत नाही. यंत्र बंद करून ते कार्ड काढले की लॅपटॉप पूर्ववत चालू होईल. लेनोवोचा भाग क्रमांक असलेले इंटेल ६२०५ कार्ड, जे एक्स २३० मध्येही मिळते, ते चालते. त्याहून वेगवान जोडणी हवी असेल तर यूएसबीचे छोटे वाय-फाय अॅडॅप्टर लावावे, कारण ही यादी त्याला लागू होत नाही. यादी काढून टाकलेला बायोस बसवणारे लोक आहेत, पण ते करताना चूक झाली तर लॅपटॉप सुरूच होत नाही आणि बायोसची चिप प्रोग्रामरने नव्याने लिहावी लागते. तेव्हा केवळ वाय-फायसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.