ग्रेड सेम, मग भाव वेगळा का?

प्रश्न: पंचम जॉर्जचे १९११ चे दोन चांदीचे रुपये, दोन्ही एमएस ६३ (न वापरलेल्या नाण्याला ६० ते ७० मध्ये मिळणारी ग्रेड), पण लिलावात एकाला दुप्पट भाव आला, असं कसं काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: अहो, ६३ मध्ये काठावर पास झालेलं नाणंपण असतं आणि ६४ थोडक्यात हुकलेलंपण. बोली लावणारा फोटो बघतो, ठसा खोल बसलाय का, झळाळी आहे का, वर चढलेला रंग निळा-सोनेरी आहे का नुसता काळपट डाग. या रुपयात तर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि बरीच नाणी वितळवली, त्यामुळं हत्ती नीट उठलेला पीस आला की लोक हट्टालाच पेटतात. त्यात दोन जिद्दी गिऱ्हाईकं भिडली की संपलंच! चांदी दोन्हीत तेवढीच. आणि हो, चिंच लावून घासू नका, भाव पडतो.