‘हिट सिंगल’ला मराठीत काय म्हणावं?

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळाची स्मरणिका निघते, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. तिच्यासाठी त्या ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या ब्रिटिश पॉप गाण्यावर लेख लिहीत आहेत. हे गाणं आपल्या आशा भोसले यांच्यावर आहे. हिंदी मजकुरात ‘हिट सिंगल’साठी ‘सुपरहिट एकल गीत’ असं छापून झालंय. मराठीत तेच ठेवलं तर चालेल का? गाण्यात पुन्हा पुन्हा येणारं ‘फॉर्टी-फाइव्ह’ मराठीत कसं आणायचं? आणि त्यातली ‘साडी रानी’ म्हणजे साडी नेसलेली राणी का?

‘एकल गीत’ मुळीच ठेवू नका. मराठीत ‘एकल’ हा शब्द माणसं मोजतो. एकल गायन, एकल वादन, एकल पालक या सगळ्यांत काम करणारं माणूस एकटं आहे, एवढंच तो सांगतो. त्यामुळे ‘एकल गीत’ म्हटलं की मराठी वाचकाला वाटणार, हे युगलगीत नाही, समूहगीत नाही. तुमच्या लेखात आशाताई आणि रफींची युगलगीतं येणारच, तिथे तर हमखास घोटाळा होईल. शिवाय ‘ब्रिमफुल’ गाणारा कॉर्नरशॉप हा एक बँड आहे. लेस्टर शहरात १९९१ साली जमलेला, तजिंदर सिंग या पंजाबी घरातल्या मुलाने पुढे नेलेला. ब्रिटनमध्ये कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हटलं की ते आशियाई माणसाचंच, असं लोक धरून चालत. त्या समजुतीवरूनच त्यांनी बँडचं नाव ठेवलं.

इंग्रजीतला ‘सिंगल’ गाणाऱ्यांची संख्या सांगतच नाही. माल कसा विकला, ते सांगतो. अल्बममध्ये दहा-पंधरा गाण्यांचा गठ्ठा घ्यावा लागतो. त्यातलं एक गाणं वेगळं काढून, स्वतंत्र किंमत लावून दुकानात ठेवलं की ते सिंगल. ब्रिटनची गाण्यांची क्रमवारी तेव्हा या सुट्या विक्रीवरच ठरत असे. अल्बम कितीही खपला, तरी त्यातल्या गाण्याला या यादीत जागा मिळायची ती ते सुटं विकलं गेलं तरच.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते तुमच्याच गाण्यावरून दिसतं. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ सिंगल म्हणून दुकानात आलं ते १९९७ च्या ऑगस्टमध्ये, आणि ६० व्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही. गाण्यात खोट होती असं नाही. बीबीसी रेडिओवरचे निवेदक जॉन पील वर्षअखेरीस श्रोत्यांच्या मतांवरून गाण्यांची यादी लावत; १९९७ च्या यादीत हेच गाणं पहिलं आलं. म्हणजे जाणकारांच्या कानांत बसलं होतं, गल्ल्यावर दिसत नव्हतं. मग डीजे नॉर्मन कुकने, ज्याला लोक फॅटबॉय स्लिम म्हणून ओळखतात, त्याचं रीमिक्स केलं. गाण्याची गती वाढवली, त्याबरोबर स्वर वर चढला, खाली ड्रमचा दणकट ठेका आला. ज्यांनी मिनिटाला ३३ फेरे घेणारी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, चुकून ४५ च्या वेगावर लावली आहे त्यांना हा परिणाम ओळखीचा असेल: आवाज पातळ होतो, गाणं धावायला लागतं. कुकने तेच बेताने केलं, गाणं हसरं होईल इतपत. हे रीमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये सिंगल म्हणून निघालं आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ‘टायटॅनिक’मधलं सेलिन डिऑनचं गाणं तेव्हा वर होतं, त्याला याने आठवडाभर खाली बसवलं.

आता पाहा. गाणं एक, सिंगल दोन. तुमच्या लेखात ‘हे एकल गीत ६० व्या क्रमांकावर राहिलं’ आणि चार ओळींनंतर ‘हे एकल गीत पहिलं आलं’ असं आलं तर वाचक गोंधळेल. ‘गाणं तेच, पहिलं सिंगल पडलं, दुसरं उचललं गेलं’ असं लिहा, सगळा इतिहास एका ओळीत बसतो.

मराठी शब्दच हवा असेल तर मला ‘सुटं’ फार जवळचा वाटतो. सुटा चहा, सुटे पैसे, सुटं तेल; गठ्ठ्यातून मोकळं काढलेलं, ही छटा त्यात आहेच, आणि ‘सिंगल’चा गाभा तोच आहे. पहिल्या उल्लेखाला ‘सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड’ असं एकदा लिहा, पुढे नुसतं ‘सिंगल’ वापरा. लिंग नपुंसक ठेवा, ‘गाणं’ मनात असतं म्हणून: ते सिंगल निघालं, ते सिंगल गाजलं.

पण मराठीत या गोष्टीला कधी शब्दच नव्हता, असं मानू नका. तो होता, आणि तो ‘रेकॉर्ड’ हाच होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणजे बाजूगणिक एक गाणं. गजाननराव वाटव्यांची भावगीतं घरोघर पोहोचली ती अशीच, एका रेकॉर्डवर दोन. ‘वाटव्यांची नवी रेकॉर्ड निघाली’ या वाक्यातला ‘रेकॉर्ड’ आणि ‘निघणं’ म्हणजे इंग्रजीतलं नवं सिंगल येणंच की! भावगीत कुठल्या सिनेमातलं नसे, कुठल्या अल्बममधलं नसे, ते सुटंच जन्माला येई. पुढे सिनेमाची गाणी वरचढ झाली, ईपीवर, म्हणजे सात इंची छोट्या तबकडीवर, एका चित्रपटाची चार-चार गाणी येऊ लागली. गाण्याची ओळख ‘अमुक सिनेमातलं’ अशी झाली आणि सुट्या गाण्याला वेगळं नाव लागेनासं झालं. म्हणून आज आपण अडतो.

‘रेकॉर्ड’वरून आणखी एक. मराठीत तबकडी या अर्थी ती रेकॉर्ड, उच्चांक या अर्थी ते रेकॉर्ड. रेकॉर्ड मोडली की नुकसान, रेकॉर्ड मोडलं की पेढे. हिंदीत दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे आपल्या इंदुरी मराठीत ‘रेकॉर्ड लावला’ असंही सर्रास निघून जातं. बोलताना मला त्याचं काही वाटत नाही, तो आपल्या शहराचा कानावरचा संस्कार आहे. पण छापताना ‘ती’ आणि ‘ते’ जपा, कारण तुमच्या लेखात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी येणार आहेत. नकोच ती झंझट वाटली तर ‘तबकडी’ हा उत्तम शब्द आहे. अरबी-फारसीतून आलेलं ‘तबक’ म्हणजे ताट, आणि आपलं लहानपण दाखवणारं ‘डी’. ‘ध्वनिमुद्रिका’ शुद्ध आहे, पण पॉप गाण्याच्या लेखात तो शब्द शालजोडी घेऊन बसल्यासारखा वाटतो. पंजाबीत म्हणाल तर रेकॉर्डला सरळ ‘तवा’ म्हणत.

आता फॉर्टी-फाइव्ह. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने १९४९ साली आणली, आणि पुढे फेऱ्यांचा आकडा हेच त्या वस्तूचं नाव होऊन बसलं. गाण्यात तजिंदर सिंग एकेक आवडतं नाव घेतो, लता मंगेशकर, मोहम्मद रफी, ऑल इंडिया रेडिओ, ट्रोजन रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी, आणि प्रत्येकामागे ‘फॉर्टी-फाइव्ह’ येतं, आरतीत प्रत्येक कडव्यामागे जयजयकार यावा तसं. ध्रुवपदाचा आशय असा की प्रत्येकाला डोकं टेकायला एक ऊब लागते, आणि माझी ऊब ‘पंचेचाळीस’वर आहे. १९९८ मध्ये दुकानांत सिंगल बहुतेक सीडीवर मिळत होती. म्हणजे गाण्यातली ही तबकडी तेव्हाच आठवणीतली झाली होती. म्हणून ‘४५ आरपीएमची ध्वनिमुद्रिका’ असं लिहून तिची वस्तुसूची करू नका. आकड्यावरून वस्तूला हाक मारायची रीत मराठीला परकी नाही. ‘नऊवारी’ म्हटल्यावर पुढे ‘साडी’ म्हणायला लागत नाही. तसंच ‘माझी ऊब पंचेचाळीसच्या तबकडीवर’ असं एकदा येऊ द्या, नंतर नुसतं ‘पंचेचाळीस’ चालेल. शीर्षकासाठी मात्र मराठीला काही कष्टच नाहीत: ‘काठोकाठ आशा’. नाव आणि अर्थ दोन्ही मूळच्यासारखे एका शब्दात राहतात. तिकडच्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही.

‘हिट’साठी ‘गाजलं’ घ्या. गाजणं हे आवाजाचंच क्रियापद आहे, गाण्याला शोभतं. ‘चाललं’ हे ‘गाना चल गया’च्या वळणाचं आहे, मराठीत गाणं नुसतं ‘चाललं’ तर ते बरं होतं, इतकाच अर्थ कानाला लागतो. आणि क्रमवारीबद्दल लिहिताना तुमच्या जुन्या वाचकांसाठी अमीन सायानींच्या रेडिओवरच्या गीतमालेतलं ‘पायदान’, म्हणजे पायरी, वापरायला माझी अजिबात हरकत नाही. हिंदी असलं तरी इंदूरच्या मराठी घरांत ते आपलंच झालेलं आहे. ‘६० व्या पायदानावरून पहिल्या पायदानावर’ हे वाक्य आपल्याकडे कुणालाही कळेल.

राहिली ‘साडी रानी’. नेसायच्या साडीशी तिचा संबंध नाही. पंजाबीत ‘साड्डी’ म्हणजे आमची, ‘साड्डी रानी’ म्हणजे आमची राणी, अर्थात आशाताई. ‘ड’ जोडाक्षरात लिहा म्हणजे प्रश्नच उरणार नाही. आणि लेखात लताबाईंचं नाव येईल तिथे कंसात का होईना, त्यांचा जन्म १९२९ साली आपल्या इंदूरच्या सिख मोहल्ल्यातला, हे घाला. परगावच्या वाचकांना ते ठाऊक नसतं.