बंदुकीच्या बॅरलसाठी सॉल्व्हंट घेताना

अरे, सॉल्व्हंटची, म्हणजे साठलेली घाण विरघळवणाऱ्या द्रवाची, बाटली घ्यायच्या आधी बॅरलमधे (बंदुकीच्या नळीत) नक्की काय साठलंय ते बघ. बंदुकीच्या दारूची काजळी वेगळी आणि गोळीच्या कवचाचं तांबं वेगळं, दोन्हीला एकच सॉल्व्हंट चालेलच असं नाही. काजळीला साधं पेट्रोलियमवालं पुरतं. तांब्याला बहुतेक वेळा अमोनियावालं वापरतात, मग पॅच, म्हणजे नळीतून फिरवायचा कापडाचा तुकडा, निळसर-हिरवा निघतो आणि निळं यायचं थांबलं की काम झालं. पण ब्रॉन्झचा ब्रश वापरलास तर त्यातलं तांबंही विरघळतं, बॅरल साफ असूनही पॅच निळाच येत राहतो आणि लोक उगाच घासत बसतात, म्हणून तेव्हा नायलॉनचाच ब्रश घे, जॅगसुद्धा (पॅच धरणारं सळईचं टोक) पितळी नको.

अमोनियावालं रात्रभर आत सोडायचं नाही हां, बाटलीवर लिहिलंय तेवढीच मिनिटं, मग कोरडे पॅच आणि तेलाचा हलका हात. लाकडी दस्त्यावर थेंब पडला तर लगेच पूस, पॉलिश जातं.

पेट्रोलचा जुगाड अजिबात नको, त्याची वाफ उणे 40 अंशाच्या आसपासही पेटू शकते, बंद खोलीत तर विषयच संपला. अमोनियाजवळ ब्लीच आणूच नकोस, विषारी क्लोरामाइन गॅस होतो. खिडक्या उघड्या, हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज, डोळ्यांना चष्मा. आणि हो, सगळ्याआधी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघून बोटाने चाचपायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

एअर रायफल असेल तर यातलं काहीच घेऊ नकोस, सील खराब होतात, कोरडा पॅच फिरवला तरी बास.