कट-ऑफ कुणाचा, ते आधी विचार

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

रावेरकडचा तो केळीबागेतला मजूर. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, स्टूल तीनदा कोरं, स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या जंताविरुद्धची आयजीजी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि तिचाच उपप्रकार आयजीजी-४ निगेटिव्ह. तू विचारतोस, ‘सर, खरं कोणतं धरू?’ अरे भो, दोन्ही खरे असू शकतात. तू दोघांना एकच प्रश्न विचारलास, तिथं घोळ झाला.

आयजीजी-४ म्हणजे एकूण आयजीजीतला जेमतेम ५ टक्के वाटा. जंताशी लांबचा सहवास झाला की शरीर तो वाढवतं. दुसऱ्या जंतांशी गल्लतही कमी करतो, कारण फॉस्फोरिलकोलीनसारख्या अनेक जंतांत सापडणाऱ्या घटकाविरुद्ध मुख्यतः आयजीजी-२ बनतो. म्हणून तो पॉझिटिव्ह आला की वजन दे. पण संसर्ग नवा असेल तर तो अजून उठलेलाच नसतो, आणि स्टिरॉइड घेणाऱ्याचं शरीर अँटिबॉडी नीट बनवेलच असं नाही. निगेटिव्ह बघून ‘जंत नाही’ लिहून मोकळा होऊ नकोस.

आता माझं तेच जुनं रडगाणं. कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली रेघ, कुणाच्या रक्तावरून ठरवला? किटमधला कागद उलगडून वाचलास का? आपल्या शिवारात हुकवर्म, गोलकृमी होऊन गेलेली माणसं आहेत. ज्यांनी अनवाणी चिखल तुडवला नाही त्यांच्या रक्तावर आखलेली रेघ इथं तशीच कशी चालेल? ज्यांच्या स्टूलमध्ये अळी दिसली त्यांचे सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, घे, त्याच गावातल्या धडधाकट माणसांचे घे, एका प्लेटवर लाव आणि रेघ स्वतः आख. कंपनीचा माणूस हसेल. हसू दे.

मला हेच करायचं होतं. औषधाआधीचा सीरम आणि सहा महिन्यांनंतरचा, अशा जोड्या जपायच्या होत्या. टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, उतरतो की नाही, यावरून उपचार लागू पडल्याचं कळतं. पण मे महिन्यात वीज जायची, उणे वीसचा फ्रीझर पाझरायला लागायचा आणि जनरेटर मागितला की वरून उत्तर यायचं, ‘हे कोठार नाही.’ भांडलो. माझा स्वभाव तिरसट म्हणतात. फ्रीझरसाठी भांडणारा गोड कसा राहील, तूच सांग. जोड्या जमल्या नाहीत, ही खंत आहेच.

अगार प्लेट, म्हणजे जीवाणू वाढतात ती जेलीची ताटली, मात्र सोडली नाही, तूही सोडू नकोस. तिच्यावर स्टूल ठेवून दोन दिवस थांब. अळी सरपटते, मागे जीवाणू ओढत नेते आणि अगारवर वसाहतींची नागमोडी माळ उठते. ती एकदा डोळ्यांनी पाहिलीस की कट-ऑफसाठी पक्का नमुना हाती येतो.

त्या मजुराला गुडघ्याच्या गोळ्या कुणाकडून घेतो ते विचार. स्टिरॉइड असेल तर हा जंत शरीरभर पसरून जीव घेऊ शकतो. रिपोर्टांच्या वादात दिवस घालवू नकोस, त्याच्या डॉक्टरांना आजच कळव. शाळेत वाटतात ती अल्बेंडाझोलची एक गोळी इथं पुरत नाही. आयव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम.

आणि औषधाआधी सीरम काढून ठेव. पहिला नमुना फेकला नसशील, तर दोन्ही एकाच प्लेटवर लाव. फेकला असशील, तर मला फोन करू नकोस, आधी फ्रीझरची किल्ली स्वतःकडे घे.