चिनी आईच्या लेकीच्या मराठी बाबास

प्रिय मित्रा,

लेक आता क्रेशमध्ये जाईल, तिची चिनी टिकेल का, असं विचारलंस. तू सांगलीचा, बायको चेंगडूची, बिऱ्हाड म्युनिकला. ‘चिनीचं तिची आई बघेल, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,’ असंही लिहिलंस. मला वाटतं, ही भाषा घरात राहणार की नाही हे बरंचसं तुझ्यावर आहे.

तू कामावरून आलास की तुला कळावं म्हणून बायको लेकीशीही इंग्रजीत बोलू लागते. दिवसभर क्रेशमध्ये जर्मन. चिनीसाठी उरते ती संध्याकाळ, आणि तीच तुझ्या सोयीपायी जाते. तेव्हा बायकोला स्पष्ट सांग, माझ्यासमोरही लेकीशी चिनीतच बोल, अडलं तर मी विचारेन. जेवताना निम्मं डोक्यावरून गेलं तरी बसून राहा. हळूहळू कान तयार होतो. तू लेकीशी मराठीच बोल. तीन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीती सोड. आधी एकाच वाक्यात तिन्ही येतील. पुढे कोणाशी काय बोलायचं हे तिचं तिलाच कळेल.

टॅबवरच्या चिनी गाण्यांवर फार विसंबू नकोस. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, ऐकवली. 2003 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच पडद्यावर पाहिलेल्या बाळांच्या हाती काही लागलं नाही. म्हणून पैसे सासू-सासऱ्यांच्या तिकिटांवर घाल. शेंगेन व्हिसावर त्यांना 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं.

आमच्याकडे माझ्या सिचुआनी सासूबाई आल्या की स्वयंपाकघरात चाओशोऊचा घाट असायचा. पातळ चौकोनी पारी, मधे खिमा, दुमडून दोन टोकं एकमेकांवर चिकटवायची. धाकटा शेजारी स्टुलावर उभा राहून ताटातले मोजायचा. प्रमाण मँडरिनमध्ये चार म्हणजे ‘सि’ आणि दहा म्हणजे ‘शि’. सिचुआनकडे, म्हणजे चेंगडूच्या प्रांतात, दोन्ही ‘सि’, फरक फक्त सुराचा. तो आजीसारखंच म्हणायचा. बायको सुधारायला जायची, तर मी म्हणायचो, राहू दे. आजीची बोली ही त्याची हक्काची भाषा, प्रमाण उच्चार पुढे येतात.

चिनीत वस्तू मोजताना आकड्यानंतर त्या-त्या वस्तूचा ठरावीक शब्द लावावा लागतो. परदेशात वाढलेली मुलं सगळ्यालाच ‘क’ लावतात. खरं तर पुस्तकाला ‘पन’, माशाला ‘थ्याओ’, कागदाला ‘चांग’. लेक चुकली तर ‘चूक’ म्हणू नका. आईने उत्तर देताना बरोबर रूप सहज वापरावं.

लिपीची घाई नको. चीनमध्ये पहिल्या दोन वर्षांत मुलं साधारण 1600 अक्षरं ओळखायला आणि 800 लिहायला शिकतात, तेही रोज शाळेत. रविवारच्या वर्गाला ते जमणार नाही. सहा वर्षांपर्यंत बोलणं आणि रात्री आईने वाचून दाखवणं, एवढं सांभाळा.

तीन-चार वर्षांची झाली की ती आईला जर्मनमधून उत्तरं देईल. हीच खरी कसोटी, इथेच बहुतेक घरं ढेपाळतात. आईने जर्मन कळत नसल्याचं सोंग करू नये, पोरं फसत नाहीत. आईने आपली चिनी चालू ठेवावी आणि तू त्या वेळी इंग्रजीत मधे पडू नकोस. चिनी बोलणारी एक-दोन घरं आतापासून जोडून ठेव. मुलाला भाषा लागते ती भांडायला आणि खेळायला.

जर्मन शाळा सुरू झाली की सुट्ट्यांना बांधलं जायचं. त्याआधी एकदा महिना-दीड महिना चेंगडूला जाऊन राहा. जुलै-ऑगस्ट टाळ, तेव्हा तिथल्या बालवाड्याही बंद असतात. ऑक्टोबरचे पहिले काही दिवसही सुट्टीचे, ते सोडून पुढचं बघ. आजोबांना जवळच्या बालवाडीत आधी विचारून ठेवायला सांग, थोड्या दिवसांसाठी घेतात का ते. तारखा ठरल्या की कळव.

तुझा,
काका