'इट इज रेनिंग'मधला 'इट' कोण?

प्रश्न असा आहे: "सहावीतल्या पुतण्याचा इंग्रजीचा अभ्यास घेत होतो. तीन वाक्यांतला सब्जेक्ट अधोरेखित करायचा होता. 'इट इज रेनिंग', 'देअर इज अ कॅट अंडर द टेबल' आणि 'सिट डाउन'. सब्जेक्ट म्हणजे कर्ता, एवढं मला ठाऊक. पण पहिल्या वाक्यात पडणारा पाऊस, आणि तो तर वाक्यात कर्ता म्हणून कुठेच नाही. तिसऱ्यात कोणीच नाही. मग रेघ कशाखाली मारायची?"

गोची झाली आहे ती मराठीच्या तासाला शिकलेल्या एका युक्तीमुळे. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण' विचारायचं. 'राम आंबा खातो', खाणारा कोण? राम. झाला कर्ता. 'मला थंडी वाजते', वाजणारी कोण? थंडी, म्हणून कर्ता थंडी. ही युक्ती मराठीत छान चालते. इंग्रजीत 'द मँगो वॉज ईटन बाय राम' या वाक्याला लावा. खाणारा राम, पण सब्जेक्ट मात्र 'द मँगो'. म्हणजे सब्जेक्ट आणि कर्ता ही एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत.

आपल्या व्याकरणात सब्जेक्टला जवळचा शब्द आहे उद्देश्य. वाक्याचे दोन भाग, उद्देश्य आणि विधेय, म्हणजे सब्जेक्ट आणि प्रेडिकेट. (हा शब्द 'य'सकट लिहायचा. उद्देश म्हणजे हेतू. उद्देश्य म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं ते. छापील गाइडांतसुद्धा यांची सर्रास अदलाबदल झालेली दिसते.) पण उद्देश्य म्हटल्यानेही 'इट'चा उलगडा होत नाही. 'इट'विषयी आपण काय बोलतोय? काहीच नाही. म्हणून माझ्यापुरती मी सब्जेक्टची व्याख्या अशी करतो: इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या आधी एक खुर्ची मांडलेली असते, तिच्यावर बसतो तो सब्जेक्ट. काम करणारा बसेल, काम सोसणारा बसेल, आणि कोणीच नसेल तर 'इट'ला आणून बसवतील. खुर्ची रिकामी ठेवायची नाही.

खुर्चीवर कोण आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. वाक्याचा प्रश्न करा. साहाय्यक क्रियापद ज्याला ओलांडून पुढे जातं, तो सब्जेक्ट. 'इट इज रेनिंग'चं 'इज इट रेनिंग?' झालं. 'इज'ने 'इट'ला ओलांडलं, तेव्हा रेघ 'इट'खाली.

आता एवढा हट्ट कशासाठी? आपण दारातून नुसतं 'आलो' म्हणतो आणि वाक्य पूर्ण होतं. बोलणारा एकटा पुरुष आहे (किंवा आम्ही सगळे आहोत) हे त्या 'लो'मध्ये आलं. बाई असती तर 'आले' म्हणाली असती. इंग्रजी 'केम' मात्र काहीच सांगत नाही. आय, यू, ही, शी, दे, सगळ्यांना तेच 'केम'. म्हणून कोण ते वेगळं सांगावं लागतं. शिवाय आपल्याकडे 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा की 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, चावणारा कुत्राच, कारण 'ला' माणसाला चिकटलेला आहे. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की माणूस कुत्र्याला चावतो. जे काम आपल्याकडे विभक्ती करते, ते तिथे जागा करते.

आणि मराठीत कर्ता नसलेली वाक्यं नाहीत असं मात्र समजू नका. 'उजाडलं.' 'सांजावलं.' 'मला मळमळतं.' 'मघापासून गडगडतंय.' उजाडणारं कोण? सांगता येत नाही. आपले व्याकरणकार यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात, म्हणजे क्रियेचा भाव हाच कर्ता. पण रूप बघा: 'उजाडलं', नपुंसकलिंगी, एकवचनी. 'उजाडला' नाही की 'उजाडली' नाही. इंग्रजीतला 'इट' आपल्याकडे त्या अनुस्वारात लपून बसला आहे म्हणा ना! त्यांच्याकडे तो शब्द होऊन खुर्चीवर बसतो, इतकाच फरक. संस्कृतात नुसतं 'वर्षति' म्हटलं तरी भागतं, स्पॅनिशमध्ये 'युएवे' या एका शब्दात पाऊस पडतो. फ्रेंच आणि जर्मन मात्र इंग्रजीसारख्याच, खुर्ची भरणाऱ्या.

दुसरं वाक्य जरा वादाचं. 'देअर इज'चा प्रश्न केला तर 'इज देअर अ कॅट?' होतं, म्हणजे खुर्ची 'देअर'ची. पण मांजरं दोन झाली की 'देअर आर टू कॅट्स', म्हणजे क्रियापदाचं लक्ष मांजरांकडे. खुर्ची एकाची, सत्ता दुसऱ्याची. शाळेत बहुधा 'अ कॅट' हेच उत्तर अपेक्षित असतं, तेव्हा तिथे रेघ मारा. पण पुतण्याने 'देअर' म्हटलं तर त्याला मूर्खात काढू नका.

'सिट डाउन' हे आज्ञार्थी वाक्य. इथेच काय ती खुर्ची रिकामी चालते, कारण समोर 'यू' उभा आहे हे गृहीत असतं. त्याचा पुरावाही वाक्यात सापडतो: 'बिहेव युअरसेल्फ' म्हणतात, 'बिहेव हिमसेल्फ' कोणी म्हणत नाही. कंसात 'यू' लिहून त्याखाली रेघ मारावी.

खुर्च्यांचा हा नियम क्रियापदाच्या पलीकडेही लागू आहे, आणि आपण मराठी माणसं खरे अडखळतो ते तिथे. 'आवडलं का?' 'हो, आवडलं.' हेच इंग्रजीत 'येस, आय लाइक्ड' म्हणून आपण थांबतो. ऐकणारा वाट बघत राहतो, कारण 'लाइक'ला समोर ऑब्जेक्ट लागतोच: 'आय लाइक्ड इट'. 'पुट'ची भूक त्याहून मोठी. 'तिने किल्ली ठेवली' हे आपल्याकडे पुरतं. 'शी पुट द की' अर्धवट वाटतं, कुठे ठेवली ते सांगावंच लागतं.

वाक्यांच्या प्रकारांबद्दल फार लिहीत नाही. अर्थावरून विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. रचनेवरून केवल, संयुक्त, मिश्र. हे दोन्हीकडे सारखंच आहे. फक्त मिश्र वाक्यात एक खड्डा आहे. आपल्याकडे 'जो मुलगा काल आला तो माझा भाचा', 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो', अशा जोड्या असतात. त्या तशाच उचलल्या की 'द बॉय हू केम येस्टरडे ही इज माय नेफ्यू' आणि 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' तयार होतं. इंग्रजीत जोडीतला एकच ठेवायचा. तो 'ही' आणि तो 'बट' काढून टाका.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती जुन्या इंग्रजीची. एके काळी त्या भाषेतही विभक्तीचे प्रत्यय होते आणि 'मला वाटतं'सारखी रचनाही होती: 'मीथिंक्स'. इथला 'मी' आपला नव्हे, इंग्रजीतला, म्हणजे 'मला'. आणि 'थिंक्स' म्हणजे 'भासतं'. शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा शब्द वापरात होता. 'लाइक'चा मूळ अर्थही 'पसंत पडणे' असा होता. तेव्हाच्या रचनेप्रमाणे 'राजाला पेअर (म्हणजे नासपती) आवडली' असंच म्हणत, आणि क्रियापद पेअरच्या वचनाप्रमाणे चाले, अगदी 'राजाला आंबे आवडले'सारखं. पुढे प्रत्यय झिजले, 'राजाला'मधला 'ला' गेला. राजा वाक्यात पहिला बसलेला, क्रियापदाच्या आधी. लोकांनी त्यालाच सब्जेक्ट मानलं, आणि 'द किंग लाइक्ड पेअर्स'मध्ये पेअर ऑब्जेक्ट होऊन बसली.

पुतण्याचा गृहपाठ संपला की त्याला 'मला गणित कळलं' याचं इंग्रजी करायला सांगा. मग मराठीत क्रियापद कोणाच्या मागे जातं आणि इंग्रजीत खुर्चीवर कोण बसलं, हे त्याचं त्याला शोधू द्या.