बी चांगलंच होतं, पाणी खारं आहे

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, माझं माहेर नागपूरचं. लग्नाला दीड वर्ष झालं. घरामागे वीस बाय वीस फूट काळी जमीन मोकळी आहे. एप्रिलमध्ये हौसेनं मेथी, सांभार (कोथिंबीर) आणि बरबटी (चवळी) लावली. बोअरचं पाणी दोन्ही वेळा घातलं. थोडं उगवलं, मग पानांचे शेंडे जळाले आणि मातीवर पांढरी पापडी धरली. दुकानदार म्हणतो, बी चांगलं होतं. मिस्टरांनी आता चौदा पाकिटं आणली आहेत आणि मृगात सगळी जागा लावायची म्हणतात. मला वाटतं, आधी एवढंसं करून पाहावं. कुणाचं ऐकावं?

उत्तर : पांढऱ्या पापडीचं लिहिलंस हे फार बरं केलंस. तिथंच सगळं कळलं. तुमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं असतं अशा भागात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात हा पट्टा पसरलाय. माझं सासर त्यातच, मूर्तिजापूर तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हा मीही विहिरीचं पाणी ओढून ओढून वांग्याला घातलं होतं. सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "अवं, थे पानी भांडे घासाले बरं हाय, झाडाले नाई." मला तेव्हा राग आला. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि मग मी त्यांना विचारायला गेले.

होतं असं. पाणी उन्हानं उडून जातं, त्यातलं मीठ मागं राहतं. तुम्ही एप्रिलच्या उन्हात दोन वेळा पाणी घातलंत, म्हणजे रोज दोन वेळा मीठ घातलंत. मुळाशी मीठ वाढलं की ओल असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. शिवाय या पाण्यातल्या सोड्यानं काळी माती चिकट होते, वर डबकं साचतं आणि खाली कोरडं राहतं. बी वाईट नव्हतं, तुमच्या हाताचाही दोष नाही.

म्हणून आधी पाणी तपासा. बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा आणि जिल्ह्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. कागदावर ईसी म्हणून आकडा येईल, पाण्यात मीठ किती ते त्यावरून कळतं. तो 0.75 (डेसिसायमेन्स प्रति मीटर) च्या आत असेल तर मिठाच्या बाबतीत निर्धास्त वापरा. 2.25 च्या वर असेल तर भाजीला ते पाणी नकोच. मधला असेल तर भाजी निवडून, ओंजळभर हिशोबानं. मातीचीही एक पिशवी सोबत द्या. कुणी म्हणेल, जिप्सम टाका, सगळं ठीक होतं. मातीचा कागद हातात आल्याशिवाय टाकू नका.

आता तुमच्या दोघांच्या वादाबद्दल. पोरी, या वर्षी तुझं ऐकावं असं माझं मत आहे. आपल्याकडे गोडं पाणी आभाळातूनच येतं. पावसाळ्यात ते मीठ धुऊन खाली नेतं. एवढ्याच महिन्यांत बाग हाताला लागते, आणि पहिल्या पावसात चारशे चौरस फुटांतलं तण उपसता उपसता दोघांची कंबर मोडेल. एकच वाफा करा, दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. रुंदी तीनच फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय पडता कामा नये. आपली काळी माती पावसात तुडवली की विटेसारखी घट्ट बसते. वाफा वीतभर उंच करा, पाणी कडेनं निघून जाईल. तीन-चार घमेली शेणखत मिसळा, पण कुजलेलंच. मुठीत धरून दाबलं तर भुगा व्हावा, वास मातीचा यावा. ताज्या शेणानं हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधई (वाळवी) येते.

मिस्टरांना कुंपणाचं काम द्या. तुराट्या आणि पऱ्हाटीच्या काड्या गावात मिळतील. शेळ्यांनी एकदा शेंडे खाल्ले की महिनाभराची मेहनत गेली, म्हणून कुंपण बियाण्याच्या आधी. त्याच कुंपणावर दोडक्याचे दोन वेल सोडा.

मृगाचा पहिला शिडकावा आला म्हणून लगेच पेरू नका. वीतभर ओल गेली की पेरा. या हंगामात भेंडी, अंबाडी, बरबटी आणि चार वांगी, एवढंच. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, एक इंच खोल, फूटभर अंतरावर लावा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी होते. तेव्हापासून एक दिवसाआड तोडाच, नाही तर जून होते आणि झाडही थांबतं. वांग्याची रोपं आधी छोट्या जागी टाका, चार-पाच आठवड्यांनी हलवा. सांभार आणि मेथी पावसात काळ्या मातीत कुजतात, ती पाकिटं स्टीलच्या डब्यात बंद करून हिवाळ्यासाठी ठेवा.

टिनाचं छप्पर असेल तर त्याखाली ड्रम लावा. दहा बाय दहा फुटांच्या टिनावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटरच्या आसपास पाणी मिळतं. दोनशे लिटरचा ड्रम दोन चांगल्या सरींत भरतो. त्यावर कापड घट्ट बांधा, डास होतात. नळाला शहानूर धरणाचं पाणी येत असेल तर तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीही वाफ्याला घाला, साबणाचं नको.

एक आमच्या घरची गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मी सकाळी पाणी घालायचे, हे शेतावरून आल्यावर संध्याकाळी घालायचे. एकमेकांना सांगितलंच नाही. वांग्याची सहा झाडं मुळाशी कुजली आणि आम्ही दोघंही म्हणत होतो, मी तर नीट पाणी देतो. मग यांनी खुंटीला तेलाचा रिकामा डबा टांगला. ज्यानं पाणी दिलं त्यानं डबा पालथा करायचा, रात्री झोपताना सुलटा करून ठेवायचा. तो डबा गंजून गेला तेव्हा दुसरा आणला. तसं एक काहीतरी तुम्हीही लावा. आणि पावसात तर पाणी घालायच्या आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

हिवाळ्यात पालक आणि बीट लावा. ही दोन्ही थोडं खारं सोसतात. सरी-वरंबा केलात तर बी वरंब्याच्या माथ्यावर लावू नका, बगलेत लावा. मीठ चढून माथ्यावर साठतं, एप्रिलमध्ये तुम्ही पाहिलेली पापडी तीच.

बाटली या आठवड्यात पोचवा. ईसीचा आकडा आला की मला कळवा, कार्तिकात कोणतं पाकीट आधी उघडायचं ते त्यावर ठरवू.